कॅव्हेंडिश नेमके किती? केळं, प्रयोगशाळा, गाव, चौक... हे सगळे एकमेकांचे कोण?

सायली_वाचते

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा पसरट आहे पण पंधरा दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतेय. मुलगी अकरावीला आहे, गुरुत्वाकर्षणाचा धडा चालू होता, त्यात हेन्री कॅव्हेंडिशचा तो शिशाच्या गोळ्यांचा प्रयोग आला. तिने विचारलं की आई, केळ्याची ती कॅव्हेंडिश जात असते ती याच्यावरूनच का? मी बिनधास्त हो म्हणून मोकळी झाले. रात्री मलाच शंका आली म्हणून शोधायला बसले आणि तिथून जे सुरू झालं ते थांबेचना.

केंब्रिजची कॅव्हेंडिश लॅबोरेटरी, जिथे इलेक्ट्रॉन सापडला. लंडनमधला कॅव्हेंडिश स्क्वेअर. मार्गारेट कॅव्हेंडिश नावाची सतराव्या शतकातली लेखिका. जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा थॉमस कॅव्हेंडिश. सायकलपटू मार्क कॅव्हेंडिश. कॅव्हेंडिश नावाचा तंबाखू. अमेरिकेत कॅव्हेंडिश नावाचं गाव, कॅनडात आणखी एक, चंद्रावर त्याच नावाचं विवर. आणि सगळ्यात मोठा धक्का म्हणजे सतीबंदीचा कायदा करणारा आपला शाळेच्या पुस्तकातला लॉर्ड विल्यम बेंटिंक, त्याचं पूर्ण आडनाव कॅव्हेंडिश-बेंटिंक!

आता मला दोन गोष्टी कळत नाहीयेत. एक म्हणजे हे सगळे खरंच एका घराण्यातले आहेत की आडनाव सारखं असण्यापलीकडे काही नाही? आणि दुसरं, केळ्याला नाव नक्की कोणाचं? मुलीला चुकीचं सांगितलं असेल तर नीट सांगायचंय, आणि नुसतं "ते नाही, हे" असं नाही तर कसं काय ते समजावून सांगायचंय. या घराण्यातल्या ड्यूकांचं (म्हणजे इंग्लंडातल्या बड्या सरदारांचं) प्रकरण तर मला अजिबात झेपत नाही, सगळ्यांचीच नावं विल्यम. कोणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा, घाई नाही.

वाटसरू

सायली ताई, सुरुवात माणसापासून करू नका, गावापासून करा, म्हणजे अर्धा गुंता तिथेच सुटेल.

इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात स्टाउर नदीच्या काठी कॅव्हेंडिश नावाचं खेडं आहे, आजही आहे. जुन्या इंग्रजीत 'एडिश' म्हणजे कुंपण घातलेलं कुरण, आणि पुढचा भाग 'काफ्ना' नावाच्या कुणा माणसाचा, म्हणजे काफ्नाचं कुरण. आता त्या गावातून जो बाहेर पडला तो दुसरीकडे 'कॅव्हेंडिशचा' म्हणून ओळखला जाणार. आपण गावाच्या नावाला 'कर' लावतो ना, तसंच, फक्त ते 'कर' लावत नाहीत, गावाचंच नाव आडनाव होतं.

या आडनावाचा पहिला मोठा माणूस म्हणजे सर जॉन कॅव्हेंडिश, इंग्लंडच्या किंग्ज बेंच न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश. १३८१ साली तिथे शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं, त्यात जमावाने त्याला ठार मारलं. पुढचे ड्यूक वगैरे लोक आपली वंशावळ याच्यापर्यंत नेतात. तुमचा थॉमस कॅव्हेंडिशही सफोकचाच. १५८६ ते १५८८ मध्ये त्याने जगाला वळसा घातला, वाटेत १५८७ ला 'सांता आना' हे स्पॅनिश गलबत लुटलं, आणि १५९२ ला दुसऱ्या सफरीत समुद्रावरच वारला. त्याच्या जहाजाचं नाव 'डिझायर', त्यावरून अर्जेंटिनातल्या एका बंदराला नाव पडलं ते आजही पुएर्तो देसेआदो. म्हणजे बघा, त्याच्या आडनावाचं काही झालं नाही तिथे, जहाजाचं नाव मात्र नकाशावर राहिलं.

पण गावावरून पडलेलं आडनाव असल्यामुळे दोन कॅव्हेंडिश दिसले की ते भाऊबंद, असं धरून चालू नका. गाव एक, निघालेली घरं अनेक.

जुनी_वही

वाटसरूंनी पाया घातला, मी वरचे मजले बांधतो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

ड्यूकांचं घराणं खरं उभं राहिलं सोळाव्या शतकात. सर विल्यम कॅव्हेंडिश हा आठव्या हेन्रीच्या दरबारी अधिकारी, मठांची जप्त झालेली मालमत्ता हाताळणाऱ्या खात्यातला. १५४७ मध्ये त्याने लग्न केलं ते बेस ऑफ हार्डविकशी. ही बाई जबरदस्त होती, चार लग्नं झाली तिची, पण मुलं सगळी या कॅव्हेंडिश नवऱ्यापासूनची. डर्बीशायरमधलं चॅट्सवर्थ त्यांनी घेतलं आणि ते घर आजतागायत त्याच घराण्याकडे आहे. तिच्या दोन मुलांपासून दोन शाखा फुटल्या, एक डेव्हनशायरची, एक न्यूकॅसलची. (डेव्हनशायरचे ड्यूक राहतात डर्बीशायरमध्ये, यात गोंधळू नका, पदवी आणि पत्ता या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.)

आता ताई, सगळे विल्यम आहेत म्हणून तुमचा गोंधळ होतोय ना, तर इंग्रजीतलं 'कझिन' सोडून द्या. त्या एका शब्दात सगळं नातं बुडून जातं. आपल्या नात्यांमध्ये मांडा, लगेच स्वच्छ दिसतं.

डेव्हनशायरचा दुसरा ड्यूक, त्याचे दोन मुलगे धरा. थोरला झाला तिसरा ड्यूक. धाकटा लॉर्ड चार्ल्स, त्याचा मुलगा हेन्री, तुमचा शास्त्रज्ञ. तिसऱ्या ड्यूकचा मुलगा चौथा ड्यूक, जो १७५६-५७ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान होता. म्हणजे शास्त्रज्ञ हेन्री आणि हा पंतप्रधान सख्खे चुलतभाऊ.

चौथ्या ड्यूकला मुलगे होते आणि डोरोथी नावाची मुलगी होती. थोरला मुलगा पाचवा ड्यूक. डोरोथी दिली पोर्टलंडच्या तिसऱ्या ड्यूकला, तोही पुढे दोनदा पंतप्रधान झाला. या डोरोथीचा मुलगा म्हणजे आपला लॉर्ड विल्यम बेंटिंक. १८२८ ते १८३५ गव्हर्नर जनरल, ४ डिसेंबर १८२९ चा सतीबंदीचा कायदा त्याचाच.

आणि पाचव्या ड्यूकचा मुलगा सहावा ड्यूक, ज्याने लग्न केलं नाही, झाडांचं आणि बागेचं वेड घेतलं, आणि ज्याच्या काचघरात ते केळं वाढलं. केळ्याला नाव याचं, हेन्रीचं नाही. हेन्री १८१० साली गेला, केळ्याची गोष्ट १८३० च्या दशकातली.

म्हणजे केळेवाला ड्यूक हा बेंटिंकचा मामेभाऊ. सख्खा. मामाचा मुलगा. आणि हेन्री हा त्या दोघांच्या आजोबांचा चुलतभाऊ. मी हे पहिल्यांदा कागदावर काढलं तेव्हा दोनदा तपासलं, कारण सतीबंदी आणि बाजारातलं केळं यांच्यामध्ये फक्त एक मामा उभा आहे हे पटायलाच तयार नव्हतं मन.

आता लॅब. सहाव्याला मूलबाळ नाही म्हणून पदवी गेली सातव्याकडे, तो त्याच्या चुलतभावाचा मुलगा. हा सातवा गणिताचा खरा माणूस, १८२९ ला केंब्रिजच्या परीक्षेत दुसरा आला होता, पुढे त्या विद्यापीठाचा कुलपती झाला, आणि प्रयोगशाळेसाठी पैसे त्याने दिले. १८७४ ला ती सुरू झाली. नाव देताना देणगी देणारा आणि घराण्यातला तो जुना शास्त्रज्ञ, दोघांचाही मान त्या आडनावात राखला गेला. आणि एक धागा बघा, हेन्री लग्न न करता गेला तेव्हा त्याची बरीचशी मालमत्ता गेली लॉर्ड जॉर्ज कॅव्हेंडिशकडे, म्हणजे या सातव्या ड्यूकच्या आजोबांकडे.

सायली_वाचते

जुनी_वही दादा, हात जोडले. मामेभाऊ म्हटल्याबरोबर सगळं डोक्यात बसलं, मी चार दिवस 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड' वाचत होते आणि एक अक्षर कळत नव्हतं. मुलीला आजच दाखवते.

पण केळ्याबद्दल अजून एक. ड्यूकने ती जात तयार केली का? म्हणजे संकर वगैरे केला? की कुठून आणून नुसतं नाव दिलं? आणि आज जे जगभर मिळतं ते खरंच त्याच झाडाचं केळं आहे की नाव तेवढं चिकटून राहिलंय?

खोडवा

ताई याचं उत्तर मी देते, टिश्यू कल्चर लॅबमध्ये केळीच्या रोपांवर सहा वर्षं काम केलंय.

ड्यूकने काही तयार केलं नाही. ती केळी मूळची दक्षिण चीनच्या बाजूची, तिथून मॉरिशसमार्गे इंग्लंडला पोचली. चॅट्सवर्थचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन, त्याने गरम काचघरात ती वाढवली, फळावर आणली आणि मालकाच्या आडनावावरून 'मुसा कॅव्हेंडिशी' असं शास्त्रीय नाव दिलं. हाच पॅक्स्टन पुढे १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारणारा. म्हणजे काचघरात केळी सांभाळता सांभाळता माणूस काचेची सगळ्यात प्रसिद्ध इमारत बांधायला शिकला. माझ्या मते त्या केळीला खरं तर पॅक्स्टनचं नाव शोभलं असतं. रोज पाणी घालणारा, वाफेचं तापमान बघणारा तो होता. चॅट्सवर्थहून मग त्याची रोपं मिशनऱ्यांबरोबर सामोआला गेली, तिथून पॅसिफिकच्या इतर बेटांवर पसरली.

आता "तेच झाड आहे का" हा प्रश्न. या केळीत बी धरत नाही. गुणसूत्रांचे दोन नाही तर तीन संच असतात, त्यामुळे बी तयारच होत नाही. केळं आडवं कापून बघा, मधोमध बारीक काळे ठिपके दिसतील, बी व्हायचं राहून गेलेलं असतं ते. मग नवीन झाड कसं? खोडाच्या बुडातून मुनवे फुटतात, ते काढून लावायचे. आम्ही लॅबमध्ये त्या कोंबाचा टोकाचा इवलासा भाग कापून बाटलीत वाढवतो. कुठल्याही पद्धतीने केलं तरी आई आणि मुलगी अशी दोन पिढ्यांची झाडं नसतात, एकच झाड पुन्हा पुन्हा लावलेलं असतं. अधूनमधून एखाद्या झाडात बदल होतो, कोणी बुटकं निघतं, कोणी उंच, तो फरक वेगळा काढून त्याला नाव देतात. पॅक्स्टनने वाढवलेली ती 'ड्वार्फ कॅव्हेंडिश'. आज ज्याला जी-नाइन म्हणतात ते 'ग्रँड नैन', फ्रेंचमध्ये अर्थ 'मोठा बुटका', तेही याच गटातलं. म्हणजे चॅट्सवर्थच्या एकाच झाडाची सगळी लेकरं असं नाही म्हणता येणार, पण गोतावळा तोच, नाव त्या काचघरातून आलेलं.

आणि हे नाव इतकं मोठं होण्याचं कारण वेगळंच आहे. शंभर वर्षांपूर्वी निर्यातीचं केळं म्हणजे 'ग्रो मिशेल' नावाची जात. तिला जमिनीतल्या एका बुरशीने गाठलं, पनामा रोग म्हणतात त्याला. बुरशी मुळांतून शिरते, झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते, पानं पिवळी पडून खोडाला लोंबकळतात. त्यावर औषध नाही आणि एकदा जमिनीत गेली की दशकानुदशकं राहते. बागाच्या बागा सोडून द्याव्या लागल्या. कॅव्हेंडिश त्या बुरशीला दाद देत नव्हती म्हणून १९५० नंतर कंपन्यांनी ती उचलली आणि आज जगातली जवळपास निम्मी केळी याच गटातली आहेत, निर्यातीत तर बहुतेक सगळी.

काळजीची गोष्ट म्हणजे त्याच रोगाचा नवा प्रकार, टीआर-४, हा कॅव्हेंडिशलाही लागतो. २०१९ मध्ये तो कोलंबियात सापडला, म्हणजे जिथून जगाला केळी जातात त्या लॅटिन अमेरिकेतच. सगळीकडे एकच झाड लावलेलं असलं की रोगाला एकच कुलूप उघडावं लागतं. आम्ही बाटलीतली रोपं बाहेर देताना प्रत्येक ट्रेकडे बघून हाच विचार करायचो.

भौतिक_मास्तर

ताई, केळ्याला नाव हेन्रीचं नाही हे सिद्ध झालं, पण त्या नादात हेन्री मागे पडायला नको. मुलीला त्याच्याबद्दल दोन गोष्टी नक्की सांगा.

पहिली, पुस्तकात "कॅव्हेंडिशने G (गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक) मोजला" असं लिहितात, तसं त्याने स्वतः कधी म्हटलं नाही. त्याला पृथ्वीची घनता हवी होती. यंत्राची कल्पना जॉन मिशेलची, तो वारला म्हणून ते सामान हेन्रीकडे आलं आणि त्याने ते बहुतेक नव्याने बांधलं. साधारण सहा फुटी लाकडी दांडी तारेवर टांगलेली, दोन टोकांना दोन इंचांचे शिशाचे गोळे, आणि त्यांच्या जवळ आणायचे ते मोठे गोळे प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे. मोठ्याने छोट्याला ओढायचं बळ इतकं सूक्ष्म की खोलीत माणूस उभा राहिला तर त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलून सगळं बिघडणार. म्हणून हा माणूस खोली बंद करून बाहेर थांबला, भिंतीतून दुर्बीण लावली, मोठे गोळे बाहेरूनच कप्पीने फिरवले आणि दांडीचं टोक काही मिलिमीटर सरकताना पाहिलं. १७९८ ला निकाल छापला, पृथ्वी पाण्याच्या ५.४८ पट घन. आजचा आकडा ५.५१. वयाच्या ६५-६६ व्या वर्षी, बंद खोलीबाहेर बसून. मी दरवर्षी वर्गात हे सांगताना थांबतो, मुलांनी तो सहा फुटांचा दांडा डोळ्यांसमोर आणावा म्हणून.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. १७८५ च्या लेखात त्याने हवेत ऑक्सिजन मिसळून ठिणग्या पाडल्या, तयार झालेलं सगळं शोषून काढलं आणि शेवटी एक बुडबुडा उरला, मूळ भागाच्या १/१२० पेक्षाही कमी. दुसरा कोणी असता तर चूक म्हणून सोडून दिलं असतं. याने जसंच्या तसं लिहून ठेवलं. शंभरेक वर्षांनी, १८९४ मध्ये रॅले आणि रॅमसे यांनी आरगॉन वायू शोधला तेव्हा कळलं की हेन्रीच्या नळीत उरलेला तो बुडबुडा म्हणजे आरगॉनच.

लॅबशी त्याचा संबंध नुसता नावापुरता नाही. माणूस अतिशय संकोची, घरातल्या मोलकरणींनाही चिठ्ठी लिहून काम सांगायचा, आणि विजेवरचं बरंचसं काम त्याने छापलंच नाही. ते कागद घराण्यात पडून होते. लॅबचा पहिला प्रोफेसर जेम्स क्लार्क मॅक्सवेल, त्याने आयुष्याची शेवटची काही वर्षं ते कागद लावण्यात घालवली आणि १८७९ ला ते प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी मॅक्सवेल गेला. त्या काळी विद्युतप्रवाह मोजायचं यंत्र नव्हतं, तर हेन्री स्वतःच्या हातातून वीज जाऊ द्यायचा आणि धक्का किती जोरात बसला यावरून अंदाज बांधायचा. मॅक्सवेलने ते प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि हेन्रीचे अंदाज फार जवळचे निघाले.

त्याच लॅबमध्ये पुढे १८९७ ला जे. जे. थॉमसनचा इलेक्ट्रॉन, १९३२ ला चॅडविकचा न्यूट्रॉन, १९५३ ला वॉटसन-क्रिकची डीएनएची रचना. चंद्रावरचं विवर मात्र फक्त हेन्रीचं, त्यात ड्यूकांचा वाटा नाही.

निळी_शाई

सगळं वाचलं, छानच लिहिताय सगळे, पण एक लक्षात येतंय का, ड्यूक मोजताना बायका गळतायत, आणि हे आडनाव इतकं पसरलंय ते बायकांमुळे.

मार्गारेट कॅव्हेंडिश घ्या. माहेरची लुकास. न्यूकॅसल शाखेच्या विल्यमशी लग्न झालं म्हणून कॅव्हेंडिश. ज्या काळात बाईने लिहिलं तर टोपणनावाने नाहीतर निनावी, त्या काळात तिने स्वतःच्या नावाने तत्त्वज्ञान, नाटकं, कविता, एका काल्पनिक जगाची कथा असं सगळं छापलं. ३० मे १६६७ ला ती लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभेला गेली, तिथे जाणारी पहिली बाई. तिच्यासमोर हवेचं वजन करणं वगैरे प्रयोग करून दाखवले. त्यानंतर त्या संस्थेने बायकांना सभासद कधी करून घेतलं माहितीये? १९४५! मध्ये २७८ वर्षं गेली. हेन्री कॅव्हेंडिश त्याच संस्थेत आयुष्यभर वावरला, आणि त्याच आडनावाची बाई शंभर वर्षं आधी पाहुणी म्हणून येऊन परत गेली होती. हे मला वाचताना फार लागतं.

आता चौक. मार्गारेटच्या सावत्र मुलाची मुलगी, तिची मुलगी हेन्रिएटा कॅव्हेंडिश होल्स. लंडनमधली जमीन हिच्याकडून आली, लग्न झालं एडवर्ड हार्लीशी. त्या जमिनीवर १७१७ नंतर वस्ती आखली तेव्हा चौकाला नाव पडलं कॅव्हेंडिश स्क्वेअर. आजूबाजूचे रस्ते वाचत गेलं की घरातली माणसं एकेक करून भेटतात, हेन्रिएटा प्लेस, मार्गारेट स्ट्रीट, होल्स स्ट्रीट, डॉक्टरांसाठी प्रसिद्ध असलेला हार्ली स्ट्रीट. मार्गारेट स्ट्रीट हेन्रिएटाच्या मुलीची. ही मुलगी पोर्टलंडच्या दुसऱ्या ड्यूकला दिली, आणि तिचा नातू, सांगा कोण? लॉर्ड विल्यम बेंटिंक!

म्हणजे जुनी_वही दादांनी आईकडून दाखवलं ते बरोबरच आहे, पण बेंटिंकला बापाकडूनही आजीच्या वाटेने कॅव्हेंडिश रक्त आलंय. बेस ऑफ हार्डविकच्या दोन मुलांपासून फुटलेल्या दोन्ही शाखा दोन-अडीचशे वर्षांनी त्याच्यात येऊन मिळतात, आणि दोन्हीकडून आणणाऱ्या बायका.

नकाशा_वेडा

उरलेल्यांचा हिशोब मी करतो.

अमेरिकेतलं कॅव्हेंडिश हे व्हरमाँट राज्यातलं छोटं गाव. तिथे १३ सप्टेंबर १८४८ ला रेल्वेमार्गासाठी खडक फोडायचं काम चालू होतं, मुकादम फिनियस गेज, वय २५. भोकात सुरुंगाची दारू ठासताना ठिणगी उडाली आणि हातातली पहार, एक मीटरहून जास्त लांब, सहा किलो वजनाची, डाव्या गालातून शिरून कवटीच्या वरून बाहेर पडली. माणूस काही मिनिटांत बोलायला लागला, बैलगाडीत ताठ बसून गावात आला. पुढे जवळपास बारा वर्षं जगला, पण मित्र म्हणायचे हा आता आपला गेज राहिला नाही. मेंदूच्या पुढच्या भागाचा स्वभावाशी संबंध आहे याची चर्चा निघाली की आजही पहिलं नाव त्याचं येतं. मेंदूशास्त्र शिकणाऱ्याला 'कॅव्हेंडिश' म्हटलं की केळं नाही आठवत, ती पहार आठवते. त्याच गावात रशियातून हद्दपार झालेले लेखक सोल्झेनित्सिन १९७६ ते १९९४ राहिले.

कॅनडातलं कॅव्हेंडिश प्रिन्स एडवर्ड बेटावर, लेखिका लूसी मॉड मॉन्टगोमेरी तिथे वाढली, तिच्या कादंबऱ्यांमधलं अ‍ॅव्हनली गाव याच्यावरूनच.

तंबाखूचं थोडं वेगळं आहे. कॅव्हेंडिश नावाचं तंबाखूचं रोप नसतं, ती पद्धत आहे. पानाला गोडवा लावायचा, वाफ आणि दाब द्यायचा, मग कापायचा.

पत्त्यांच्या व्हिस्ट खेळावर 'कॅव्हेंडिश' नावाने लिहिणारा एकोणिसाव्या शतकातला एक लेखक आहे, तो तर कॅव्हेंडिश नव्हताच, हेन्री जोन्स नावाचा डॉक्टर, क्लबच्या नावावरून टोपणनाव घेतलं त्याने.

आणि मार्क कॅव्हेंडिश, आइल ऑफ मॅन बेटावरचा. २०२४ मध्ये टूर द फ्रान्समधला आपल्या कारकिर्दीतला ३५ वा टप्पा जिंकला आणि एडी मर्क्सचा ३४ चा विक्रम मोडला. त्या दिवशी टीव्हीसमोर मी अक्षरशः उभा राहून ओरडलो. त्याला कुठल्या ड्यूकशी जोडायची गरजच नाही, वाटसरू म्हणाले तसं हे आडनाव मुळात एका कुरणाचं आहे.

सायली_वाचते

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मुलगी आणि मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे सगळं काढलं, डाव्या कोपऱ्यात सफोकचं गाव, मधे बेस, तिच्यापासून दोन रेघा, खाली बेंटिंकपाशी दोन्ही एकत्र. बायकांची नावं तिने निळ्या पेनने लिहिली, निळी_शाई ताईंसाठी. पॅक्स्टनला वंशावळीत जागा नाही म्हणून त्याला केळीच्या झाडाशेजारी वेगळं काढलंय, हातात झारी देऊन.

एकाच ठिकाणी अडलोय. कॅनडाच्या गावाला नाव लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिशवरून पडलं असं वाचलं, आणि लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिशचा १८८२ मध्ये डब्लिनमध्ये खून झाला असंही वाचलं. पण गाव तर त्याच्या कितीतरी आधीचं आहे. मग हे कसं?

जुनी_वही

दोन वेगळे फ्रेडरिक आहेत ते ताई. गावाला नाव थोरल्याचं, तो फील्ड मार्शल होता, १७२९ ते १८०३, चौथ्या ड्यूकचा सख्खा भाऊ. म्हणजे शास्त्रज्ञ हेन्रीचा तोही चुलतभाऊच झाला, त्याला तिथेच बाजूला लिहा. डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये ६ मे १८८२ ला ज्याला भोसकून मारलं तो सातव्या ड्यूकचा मुलगा, आयर्लंडचा चीफ सेक्रेटरी म्हणून त्याच दिवशी तिथे पोचला होता. त्याची रेघ लॅब बांधणाऱ्या सातव्याच्या खाली काढा. कॅलेंडरवर जागा उरली असेल तर.